इंजिनपर्यंत चिखल येतो तो चाकाच्या वाटेने

आमच्या देवगड-कणकवली पट्ट्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, वापरणाऱ्या बऱ्याच जणांचा असा समज आहे की बोनेटखाली जो लाल चिखल साचतो तो पुढच्या जाळीतून आत येतो. म्हणून मग कोणी जाळीला बारीक नेट लावतो, कोणी पुढे प्लॅस्टिक बांधतो, बंपरच्या वर आडवी रबरी पट्टी मारलेली गाडीसुद्धा मी पाहिलीय. जाळीतून थोडंफार पाणी येतं हे खरं, पण डायनामोवर (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर), सेल्फवर (इंजिन चालू करणारी मोटर), बेल्टच्या पुलीवर जो जाड थर बसतो ना, तो पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूने येतो. हे एकदा पटलं की पुढचं काम फार अवघड नाही, आणि मला मनापासून वाटतं की मळ्यात, बागेत, पाणंदीत गाडी घालणाऱ्या प्रत्येकाने ते पावसाच्या आधी करून घ्यावं.

खात्री करायची असेल तर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा आणि चाकाच्या मागे बसून टॉर्च मारा. थार, जिप्सी, जिम्नी, बोलेरो या सगळ्या चेसीवर बॉडी बसवलेल्या गाड्या. मडगार्डचा आतला पत्रा वरून खाली येतो, चेसी खालून आडवी जाते, आणि दोघांच्या मध्ये फट असते, काही गाड्यांत हात सहज आत जाईल एवढी. ती फट उगाच सोडलेली नाही, तिथून स्टेअरिंगचा शाफ्ट जातो, ब्रेकचे पाइप जातात, सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागा लागते. नवीन गाडीत कंपनीने तिथे प्लॅस्टिकचं किंवा रबराचं कव्हर दिलेलं असतं, पण गाडी जरा जुनी झाली, मोठे टायर घातले, ते घासले, क्लिपा तुटल्या, की कव्हर लोंबायला लागतं आणि एक दिवस कुठल्यातरी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, राहून जातं. जुन्या जिपांना तर बरेचदा ते नसतंच. टॉर्च मारल्यावर समोर थेट इंजिनचा ब्लॉक दिसला तर चिखलालाही तोच रस्ता दिसतो.

त्यात टायरचा भाग समजून घ्यायला हवा. मड टायर चांगला का, तर त्याच्या गट्ट्या मोठ्या, मधल्या खाचा रुंद, म्हणजे अडकलेला चिखल फिरताना बाहेर फेकला जातो आणि गट्टीला पुन्हा जमीन पकडता येते. पण तो फेकलेला चिखल जाणार कुठे? चाक सरळ असेल तर मागे आणि वर, मडगार्डच्या पत्र्यावर. चाक वळलेलं असेल तर थेट त्या फटीत. आणि गाडी रुतलेली असताना आपण काय करतो, स्टेअरिंग इकडेतिकडे वळवत ॲक्सिलरेटर देतो. गाडी जागची हलत नाही पण काटा ३०-४० दाखवतो, म्हणजे तेवढ्या वेगाने चिखल उडतोय आणि तो एकाच जागी मारा करतोय. रुतलेल्या गाडीच्या त्या दोन-चार मिनिटांत जेवढा चिखल बोनेटखाली जातो तेवढा अख्ख्या आठवड्याच्या साध्या कच्च्या रस्त्यावर जात नसेल. त्यामुळे मड टायर घालायचे तर आतली फट बंद करायचं काम त्याच दिवशी करायला हवं असं माझं मत आहे.

आता आपल्याकडचा चिखल. इथे पाऊस वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या पुढे, आंबोलीला तर त्याच्या दुपटीच्याही वर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडने भरलेला दगड, त्याची माती लाल आणि बारीक, ओली असताना लोण्यासारखी मऊ, आणि गरम इंजिनवर वाळली की चिऱ्यासारखी घट्ट. त्यात जुलैला मळ्यात चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं, लावून फिरतात आणि येताजाता तो कालवलेला चिखल सगळ्या पाणंदीवर आणून टाकतात. घाटावरची काळी माती चिकट असते पण तिची गोळे होऊन पडायची सवय आहे, आपली लाल माती पातळ होऊन बारीकसारीक फटीत शिरते. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये, बेअरिंगच्या सीलपाशी, रेडिएटरच्या जाळीत, सगळीकडे.

नुकसान काय होतं हे जरा सविस्तर सांगतो, कारण "चिखलाची गाडी आहे, चिखल लागणारच" असं म्हणून सोडून देणारे खूप आहेत. पहिला मार डायनामोला. डायनामोला थंड ठेवायला त्याच्या बॉडीला खिडक्या असतात, तिथून हवेबरोबर पातळ चिखल आत जातो. आत स्लिप रिंगवर कार्बनचे ब्रश घासत असतात, त्यांच्यामध्ये ही माती म्हणजे पॉलिश पेपर. ब्रश झिजतात, रिंगला चरे पडतात, बेअरिंग आवाज करायला लागतं, आणि नेमकं रात्री पावसात बॅटरीचा लाल दिवा लागतो. मग वायपर मंद, हेडलाइट मंद. दुसरा मार बेल्टला. बेल्टच्या खाचेत माती बसली की तो सरकतो, किंचाळतो, आणि लोक त्यावर उपाय म्हणून बेल्ट आणखी ताणतात, त्यामुळे पुन्हा डायनामोच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जोर. बेल्ट आधी धुवा, खाचा साफ करा, मग बघा ताणायची गरज आहे का.

तिसरी गोष्ट उष्णता. इंजिनची उष्णता फक्त रेडिएटरमधून बाहेर जात नाही, ऑइलची संप, ब्लॉक, गिअरबॉक्स यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरूनही जाते, त्यावर बोटभर माती वाळून बसली की गोधडी पांघरल्यासारखं होतं. आणि सतत ओल धरून ठेवल्यामुळे त्या मातीखाली गंज चालू राहतो, बाहेर ऑक्टोबरचं ऊन पडलं तरी. ब्रॅकेट, पाइपाचे क्लॅम्प, अर्थिंगची पट्टी, सगळं आतल्या आत खाल्लं जातं. गाडी मधेच बंद पडते, परत चालू होते, फॉल्ट सापडत नाही, अशा केसेसमध्ये मी आधी अर्थिंगचे बोल्ट बघायला सांगतो.

मला ही फटीची गोष्ट पहिल्यांदा नीट समजावली ती आमच्या इथल्या एका वयस्कर मेस्त्रींनी, आयुष्यभर जिपा आणि टेंपो दुरुस्त केलेला माणूस. मी जाळीबद्दल विचारत होतो तर ते म्हणाले, "फुडसून येणा नाय रे बाबू, चाकासून येता. थंय पडदो मार." मी विचारलं, "मेस्त्रीनू, सगळाच बंद करून टाकला तर?" तर म्हणाले, "मगे इंजिन श्वास खंयसून घेतला?" एवढंच. पण सगळी युक्ती त्या दोन वाक्यांत आहे, चिखल आत येता कामा नये आणि गरम हवा बाहेर गेली पाहिजे.

म्हणून पडदा कसा लावायचा हे महत्त्वाचं. पडवीला झड लागू नये म्हणून आपण माडाच्या झापांची ताटी बांधतो, वरून पक्की, खालून मोकळी, अगदी तसंच इथे करायचं. रबराचा तुकडा मडगार्डच्या आतल्या पत्र्याला वरच्या कडेला बोल्टाने धरायचा, खाली तो चेसीच्या बाहेरून, म्हणजे चाकाच्या बाजूने, चार बोटं खाली लोंबला पाहिजे, आणि खालची कड कुठेही बांधायची नाही. चाकाने चिखल मारला की तो पडद्याला चेसीवर दाबतो, फट आपोआप बंद होते. गाडी चालताना पंख्याची आणि रेडिएटरमधून आलेली हवा आतून दाब देते, तेव्हा तोच पडदा जरा बाहेर उचलला जातो आणि हवा निघून जाते. थोडा चिखल तरीही आत गेलाच तर तो खाली घसरून बाहेर पडायला वाट राहते. पडदा चेसीच्या आतल्या बाजूला लावला तर नेमकं उलटं होतं, चिखल त्याला आत ढकलतो आणि वरून पिशवीसारखा साठत जातो. हे उलटं लावलेलं मी खूप गाड्यांत बघितलंय.

मापासाठी पुठ्ठा वापरा. मे महिन्यात आपल्याकडे आंब्याच्या बॉक्सना तोटा नाही, चांगला जाड पुठ्ठा असतो, तो फटीत धरून, कापून, परत धरून, शाफ्ट जिथून जातो तिथे चीर, ब्रेकच्या होजसाठी खाच, असं करत करत नमुना जमतो. घाई करू नका, या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायला पाहिजे. डावी बाजू उजव्यासारखी नसते, दोन वेगळे नमुने लागतात.

रबर कुठलं? खडी क्रशरच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे भंगारवाल्याकडे मिळतात, लोक तेच उचलतात, पण ते सहसा जाड आणि जड असतं, वाकत नाही. ते चाकाच्या मागच्या मडफ्लॅपला उत्तम, आतल्या पडद्याला नको. पडद्याला ३ ते ५ मिलिमीटरचं, आत कापडाचा थर असलेलं शीट घ्या. ते नाहीच मिळालं तर ट्रकची जुनी ट्यूब, पंक्चरवाल्याकडे पडलेली असते, मऊ असते, दोन थर एकावर एक करून छान काम देते. अगदी पातळ एकेरी ट्यूब लावू नका, ती वाऱ्याने फडफडते आणि चाकात ओढली जाते.

बोल्टसाठी शक्यतो पत्र्याला आधीपासून असलेली भोकं वापरा, जुन्या क्लिपांची भोकं असतातच. चेसीला ड्रिल मारायचं नाही, अजिबात नाही. आतल्या पत्र्याला नवीन भोक पाडावं लागलं तर कडेला प्रायमर लावा नाहीतर खारी हवा तिथूनच गंज सुरू करते. नुसता बोल्ट आणि वायसर लावला तर रबर भोकातून फाटून निघतं, म्हणून वरच्या कडेला लांबीभर ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची पट्टी ठेवून तिच्यातून बोल्ट घाला, नट नायलॉक वापरा. मग गाडी जॅकवर उचलून, चाक पूर्ण खाली लोंबू देऊन, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. परत खाली घेऊन तेच करा. पडदा टायरला लागतो का, शाफ्टला घासतो का, ब्रेकच्या होजला तर अजिबात स्पर्श नको, कारण रबरावर रबर घासून होज कापली जाऊ शकते आणि मग विषय चिखलाचा राहत नाही.

एक्झॉस्टच्या बाजूला वेगळी काळजी. साधं रबर ७०-८० अंशांच्या वर सतत राहिलं की कडक होऊन तडकतं, आणि मॅनिफोल्ड, टर्बो तर त्याच्या कितीतरी पट गरम. त्यामुळे त्या बाजूला रबर आणि एक्झॉस्टमध्ये किमान वीतभर अंतर ठेवा, आणि तेवढं मिळत नसेल तर त्या भागात पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून लावा, रबर त्याच्या खालून सुरू करा. वास आला, धूर दिसला तर लगेच काढून टाका, हट्ट करू नका.

सगळं लावून झालं की घाट चढून बघायचं. आम्हाला फोंडाघाट जवळ, एसी लावून, तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये वर दाजीपूरच्या बाजूला जायचं आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा नेहमीपेक्षा वर जात असेल तर पडदा जास्त घट्ट झालाय, मागच्या बाजूला, जिथे चाकाचा मारा कमी असतो तिथे थोडा कापा. रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर जायला जागा नसेल तर नवी हवा आत येणारच नाही, पंखा कितीही मोठा असू दे.

खालच्या कव्हरबद्दलही बोललं पाहिजे. बऱ्याच गाड्यांना इंजिनच्या खाली प्लॅस्टिकचं कव्हर किंवा लोखंडी गार्ड येतो. सर्व्हिसला ऑइल फिल्टर काढायला ते उतरवतात आणि परत लावताना अर्ध्या क्लिपा गायब, कधी तर कव्हरच परत येत नाही, डिक्कीतही नाही. माझ्या बाबतीत हे झालंय, तेव्हापासून गाडी घेताना मी खाली वाकून बघितल्याशिवाय किल्ली हातात घेत नाही. तुम्हीही बघा, विचारायला लाजू नका. लोखंडी गार्ड असेल तर त्यावर चिखल साचतो हे लक्षात ठेवा, त्याला पाणी निघायला भोकं हवीत आणि ती बुजलेली नसावीत. धुताना स्क्रूड्रायव्हर घालून मोकळी करायची.

स्नॉर्केल लावलंय म्हणजे आता चिंता नाही असं समजणारे आहेत, तर स्नॉर्केल इंजिनला लागणारी हवा वरून घेतं, बस. डायनामोला त्याचा काही उपयोग नाही. तसंच नवीन थारची वॉटर वेडिंग ६५० मिलिमीटर दिलेली आहे, तो आकडा पाण्यातून सावकाश जाण्याचा आहे, चिखलाचा मारा ही वेगळीच गोष्ट, तो घोटाभर चिखलातसुद्धा बोनेटपर्यंत जातो. व्हाळ ओलांडताना पुढे ताडपत्री बांधायची जुनी पद्धत चांगली आहे, पाणी जोराने रेडिएटरवर आणि पंख्यावर येत नाही, पण पलीकडे गेल्यावर लगेच सोडायची. ती तशीच ठेवून चिखलात चालवली तर रेडिएटरला हवा मिळत नाही.

धुण्याबद्दल माझा आग्रह असा की त्याच संध्याकाळी धुवा. ओला चिखल नळाच्या पाण्याने निघतो, वाळलेला तासणीने काढावा लागतो. इंजिन आधी थंड होऊ द्या, तापलेल्या मॅनिफोल्डवर गार पाणी मारू नका, त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकू शकतं. जोराच्या प्रेशरने डायनामो, फ्यूज बॉक्स, कनेक्टर यांच्यावर थेट मारू नका, त्याने चिखल निघण्यापेक्षा आत ढकलला जातो. रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायचा, कमी दाबाने, त्याची पाती ॲल्युमिनियमची असतात, लगेच वाकतात. आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्या दोघांच्या मधल्या फटीत माती भरून राहते ती बाहेरून दिसत नाही, टॉर्च मारून बघा. काहीही कारण नसताना गाडी तापते म्हणणाऱ्यांनी आधी तिथे बघावं. धुऊन झालं की बोनेट उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, आतलं पाणी सुकतं. पावसाच्या आधीच कनेक्टर उघडून सिलिकॉन ग्रीस लावलेलं असेल तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

खाडीचा चिखल मात्र यापेक्षा वाईट. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि विजयदुर्ग खाडीच्या कडेला, खाजणात गाडी घातली की ते मीठ गाळाबरोबर प्रत्येक सांध्यात बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं त्यामुळे गाडी शेडमध्ये उभी असली तरी गंज थांबत नाही. गोड्या पाण्याने, वेळ घेऊन, दोनदा धुवा. आणि पुळणीवर गाडी नेऊच नका, सड्यावर कातळातही नको. पुळणीत कासवांची घरटी असतात. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बारसू, कशेळी, कुडोपी, युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ ला नावं गेली, आणि पावसात ती पाण्या-गवताखाली दिसतसुद्धा नाहीत. चिखलाची हौस भागवायला आपल्याच बागेची वाट पुरेशी आहे.

शेवटचं, जळकं ऑइल. पावसाच्या आधी गाडीच्या खालून जळकं इंजिन ऑइल फवारायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, चिखल चिकटत नाही म्हणून. कृपा करून ते बंद करा. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं, पडदे तर जातातच पण सस्पेन्शनचे बुश आणि एक्सलचे बूटही जातात, आणि पहिल्या पावसात ते सगळं धुऊन मळ्यात आणि विहिरीत उतरतं. त्याऐवजी अंडरबॉडीला वॅक्सचं कोटिंग मिळतं ते मारा, रबरावर काही लावायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे.

पडदे लावल्यावर पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की बोल्ट एकदा परत आवळा, रबर बसतं आणि पट्टी सैल होते. गणपतीच्या सुमारास बोनेट उघडून पडद्यांच्या वरच्या कोपऱ्यात हात घाला, तिथे पातेरा आणि माती साठते आणि पावसाळ्यात कोरडी जागा शोधत आलेले उंदीर तिथेच घर करतात, वायरिंग कुरतडतात. कोपरा साफ ठेवला तर ते राहत नाहीत.